बारावीला ५०-६० टक्के पडलेत? कॉलेज ठरवायच्या आधी एवढं नक्की वाचा

भोकरदन (प्रतिनिधी) : बारावीचा निकाल लागला की गावात दोनच लेकरांची चर्चा असते. एक, ज्याला नव्वद टक्के पडले. त्याचं बॅनर चौकात लागतं. दुसरा, जो नापास झाला. त्याची चर्चा पारावर होते. मधल्या पोरांचं कोणी विचारत नाही. ४८ टक्के, ५५ टक्के, ६२ टक्के. खरं तर घरोघरी हीच लेकरं जास्त आहेत. पास झाला, चांगलं झालं, पण आता घालायचं कुठं, हा प्रश्न त्यांच्याच आईबापाला पडतो.

त्यात हे दिवस कसे असतात, तेही आपल्याला माहीत आहे. निकाल मे महिन्यात, ॲडमिशनची धावपळ जून-जुलैत आणि पेरणीही तेव्हाच. हातात आहे तेवढा पैसा बी-खतात चाललेला असतो. बाप सकाळी कृषी सेवा केंद्रात रांगेत आणि दुपारी नेट कॅफेवर. अशा वेळी "काळजी करू नका काका, पोराचं ॲडमिशन मी करून देतो" म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. फसवणूक इथंच होते.

हे ऐकीव सांगत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला बारावी सायन्सला ५२ टक्के पडले. ओळखीतल्या एकानं परराज्यातलं एक नर्सिंग कॉलेज सुचवलं. "मार्कांची अट नाही, रोज जायची गरज नाही, परीक्षेला फक्त या," असं सांगितलं. घरात ठेवलेला कापूस विकून ४५ हजारांचा पहिला हप्ता दिला. टीसी आणि मार्कशीट ओरिजिनल दिल्या. चार महिन्यांनी मी स्वतः यादी बघितली, तर त्या कॉलेजचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नव्हतंच. पैसे गेले ते गेले. कागदपत्रं परत आणायला सहा महिने आणि सात-आठ चकरा लागल्या. वर्ष वाया गेलं.

पुढच्या वर्षी त्याच पोराचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला नंबर लागला. कशावर? दहावीच्या मार्कांवर. दहावीला त्याला ७१ टक्के होते. ती मार्कशीट घरातच होती. पण बारावीच्या ५२ च्या नादात आम्ही कोणीच तिच्याकडं बघितलं नव्हतं. आज तो अप्रेंटिसशिप करतोय.

आपला जिल्हा बियाण्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. सरकीची बॅग घेताना आपण लॉट नंबर बघतो, उगवणीचा टक्का बघतो, तारीख बघतो, पक्की पावती मागतो. लेकराच्या तीन वर्षांसाठी लाख-दीड लाख देताना मात्र काहीच बघत नाही. मार्क कमी आहेत म्हणजे मिळेल ते कॉलेज घ्यावं लागतं, हा समज चुकीचा आहे. मार्क कमी असतील तर बघून घेणं जास्त गरजेचं आहे, कारण दुसरी संधी विकत घ्यायला आपल्याकडं पैसा नसतो. म्हणून ही सगळी माहिती एका ठिकाणी देत आहे.

१. आधी दोन्ही मार्कशीट समोर ठेवा

पहिली गोष्ट, एकूण टक्केवारीवर पोराचा हिशोब करू नका. वेगवेगळ्या कोर्सला वेगवेगळे मार्क धरतात.

- आयटीआय आणि पॉलिटेक्निक (पहिलं वर्ष) : दहावीचे मार्क
- डी.फार्मसी : बारावी सायन्सचे मार्क
- इंजिनिअरिंग, बी.फार्मसी, बी.एस्सी. ॲग्री : सीईटीचा स्कोअर, शिवाय बारावीला ठरलेल्या विषयांत किमान टक्केवारी
- बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. : बारावी पास. बहुतेक कॉलेजांत बारावीच्या मार्कांवर प्रवेश

विषयवार मार्कही बघा. एकूण ५४ टक्के असलेल्या पोराला गणितात ३६ आणि जीवशास्त्रात ६५ असू शकतात. त्याला शेजारच्या पोरामागं इंजिनिअरिंगला ढकलणं म्हणजे काळ्या रानातलं पीक मुरमाड रानात घेण्यासारखं आहे.

आणि एकदा पोराला विचारा. हातानं काम करायला आवडतं का, मोटार खोलून बसतो का, हिशोब आवडतो का, पेशंटजवळ थांबायची तयारी आहे का. उत्तर लगेच येणार नाही. रानात काम करताना, मोटारसायकलवर जाताना विचारा. तिथं लेकरं बोलतात.

२. मध्यम मार्कांवर कोणते रस्ते उघडे आहेत

आयटीआय. बारावी झालेल्या पोरालाही दहावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (कॉम्प्युटर) हे एक वर्षाचे. सरकारी आयटीआयची फी खाजगीच्या मानानं फारच कमी असते. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र लागतं. एस.टी. महामंडळ आणि कंपन्याही अप्रेंटिस घेतात. प्रवेश अर्ज व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. "बारावी होऊन आयटीआय?" असं नाक मुरडणारे लोक मोटार जळाली की आयटीआयवाल्यालाच फोन करतात.

पॉलिटेक्निक डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षं. दहावीला किमान ३५ टक्के लागतात. बारावी सायन्स किंवा दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल, तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे एक वर्ष वाचतं. जालना आणि अंबडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमाला ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) मिळाले, की पुढं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. ज्याला बारावीचं फिजिक्स-गणित जड गेलं पण ज्याचा हात चांगला चालतो, अशा पोरासाठी हा रस्ता चांगला.

टूल रूम आणि सीपेट. ही दोन नावं गावात फार थोड्यांना माहीत आहेत. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथं टूल अँड डाय मेकिंगचे कोर्स चालतात. त्याच भागात सीपेट ही प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्र सरकारची संस्था आहे. तिथं दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. दोन्हींची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तारखाही वेगळ्या. वाळूज, शेंद्र्याचे कारखाने जवळ असल्यामुळं या शिक्षणाला किंमत आहे. निकालाची वाट बघत बसू नका, मार्च-एप्रिलपासून चौकशी ठेवा.

डी.फार्मसी. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर बायोलॉजी किंवा गणित. सीईटी लागत नाही. दोन वर्षांचा कोर्स. पुढं बी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मेडिकल टाकायचं स्वप्न असतं म्हणून या कोर्सला गर्दी आहे आणि कॉलेजही भराभर निघाली आहेत. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता नसेल, तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच होत नाही. मग मेडिकलचा परवाना कुठून मिळणार? दुसरी गोष्ट, नोंदणीआधी एक्झिट परीक्षा देण्याचा नियम कौन्सिलनं २०२२ साली आणला आहे. म्हणजे नुसता पास होऊन भागणार नाही, शिकावं लागणार.

नर्सिंग. जीएनएम तीन वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेची चालते, किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. बी.एस्सी. नर्सिंगला सायन्स आणि सीईटी लागते. प्रवेशाची पद्धत त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा.

शेतीचं शिक्षण. कृषी विद्यापीठांअंतर्गत दहावीनंतरची दोन वर्षांची कृषी पदविका आहे. बी.एस्सी. ॲग्रीला सीईटी द्यावी लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आपल्या बदनापूरलाच आहे. खतं-औषधांच्या दुकानाच्या परवान्याला आता शिक्षणाची अट आहे, हेही लक्षात ठेवा.

बीबीए, बीसीए. २०२४-२५ पासून या कोर्सना एआयसीटीईची मान्यता आणि सीईटी आली. त्यानंतर काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून सीईटीशिवाय प्रवेश सुरू ठेवले. नाव बदललेला कोर्स वाईटच असतो असं नाही. पण डिग्रीवर नेमकं काय छापून येणार, हे आधी विचारा.

इंजिनिअरिंग. फिजिक्स, गणित आणि ठरलेला तिसरा विषय मिळून ४५ टक्के (राखीव ४०) आणि सीईटी असेल तर प्रवेश मिळू शकतो. पण खाजगी कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात, त्यामुळं प्रवेश मिळाला ही काही मोठी गोष्ट नाही. पहिल्या वर्षाचं गणित निघालं पाहिजे. बारावीला गणितात काठावर पास झालेलं पोरगं विषय मागं ठेवत-ठेवत चार वर्षांचं सहा वर्षं करतं आणि फी दरवर्षी भरावीच लागते. अशा पोराला आधी डिप्लोमा बरा.

साधी पदवी. बी.ए., बी.कॉम.ला लोक हिणवतात. पण एमपीएससीची राज्यसेवा परीक्षा द्यायला कोणत्याही शाखेची पदवी चालते. टक्केवारीची अट नाही. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात रोज जाऊन, लायब्ररीत बसून केलेली बी.ए. ही शहरातल्या नावाच्या बी.बी.ए.पेक्षा कमी नाही. पोलीस भरती, अग्निवीरची तयारी करणाऱ्या पोरांनीही पदवीला नाव घालून ठेवावं आणि वर्गात जावं. भरती नाही झाली तर हातात काहीतरी राहतं.

नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली सुरू झालेलं हे सरकारी विद्यापीठ आहे. अभ्यासकेंद्र मात्र विद्यापीठाच्या यादीत आहे का, ते बघा.

३. मान्यता कुठं बघायची

बॅगवरचा लॉट नंबर बघायचा तो इथं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर "शासनमान्य" असं छापलेलं असतं. तेवढ्यावर जाऊ नका. कोणाची मान्यता, कोणत्या कोर्सला, कोणत्या वर्षासाठी, असे तीन प्रश्न विचारा.

- बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. : विद्यापीठाची संलग्नता. आपल्याकडं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वेबसाइटवर कॉलेजांची यादी असते
- इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, बीबीए, बीसीए : एआयसीटीई आणि तंत्रशिक्षण संचालनालय
- फार्मसी : फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया
- नर्सिंग : इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल
- लॅब टेक्निशियन, एक्स-रे, ओटी टेक्निशियन : पास झाल्यावर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडं नोंदणी होते का, हे लेखी विचारा. या कोर्समध्ये फसवणूक फार आहे
- विद्यापीठच खोटं आहे का : यूजीसी दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी काढते. नाव तिथं टाकून बघा

या सगळ्या याद्या फुकट बघायला मिळतात. मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे. आपल्याला जमत नसेल तर पोराला सांगा, त्याला जमतं. पण कॉलेजवाल्यानं पाठवलेला फोटो किंवा पीडीएफ धरू नका, स्वतः वेबसाइट उघडून बघा.

नॅकचा दर्जा (ए, बी प्लस वगैरे) असेल तर चांगलं, पण कोणत्या वर्षी मिळाला तेही विचारा. दर्जाला मुदत असते.

४. कॉलेज एकदा डोळ्यानं बघा

बैल घेताना आपण त्याला चालवून बघतो, दात बघतो. कॉलेजही बघायलाच पाहिजे. प्रवेशाच्या दिवशी नाही, आधी. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता न सांगता जा. सगळं पाच-सहा गोष्टींत कळतं.

- वर्ग भरलाय का? सकाळी अकराला वर्ग रिकामे असतील तर तिथं शिकवत नाहीत.
- प्रयोगशाळेला कुलूप आहे का? उघडायला सांगा. काचसामानावर धूळ आहे की वापर दिसतोय?
- पहिल्या वर्षाला किती पोरं बसली आणि सगळे विषय घेऊन किती पास झाली? मध्यम पोरासाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पहिल्या नंबरवाल्याचा फोटो सगळेच दाखवतात. आपलं पोरगं जिथं बसणार, त्या मधल्या बाकांचं काय झालं ते विचारा.
- शिक्षक किती कायम, किती तासिका तत्त्वावर? दरवर्षी बदलतात का?
- मागं राहिलेल्या पोरांसाठी जादा तास होतात का?
- नोकरी लागली म्हणतात, तर कुठं, किती पगारावर? दोन पोरांचे नंबर मागा. देत नसतील तर समजून जा.

सगळ्यात खरी माहिती मात्र ऑफिसात मिळत नाही. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पोरं उभी असतात, त्यांना विचारा. "दादा, तुझ्या लहान भावाला इथंच घालशील का?" एवढा एकच प्रश्न पुरतो.

आणखी एक. आपल्या भागात "यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो, परीक्षेचंही बघतो" असं सांगून प्रवेश देणारी कॉलेजं आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. हुशार पोरगं एक वेळ घरी बसून शिकेल. मध्यम पोराला समोर शिक्षक लागतो. न जाता मिळालेली डिग्री मुलाखतीत पाच मिनिटांत उघडी पडते.

५. फीचा पूर्ण हिशोब मांडा

एजंट पहिल्या वर्षाची फी सांगतो, तीही अर्धी. तुम्ही वहीवर सगळ्या वर्षांचा हिशोब लिहा : शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा फी, गणवेश, पुस्तकं, लॅब, होस्टेल किंवा खोली, मेस, येण्या-जाण्याचं भाडं. गावाहून रोज जाणार असेल तर एस.टी.च्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे एक तृतीयांशच पैसे लागतात. पण शेवटची गाडी किती वाजता आहे तेही बघा. दिवसाचे चार तास गाडीत गेले तर अभ्यास कधी करणार?

अनुदानित आणि विनाअनुदानित यातला फरक समजून घ्या. एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित असते, दुसरी विनाअनुदानित. शिक्षक तेच, फी मात्र वेगळी. "अनुदानित तुकडीत जागा आहे का?" हे पहिल्यांदा विचारा. लवकर जाणाऱ्याला ती मिळते.

खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. त्यापेक्षा जास्त मागितली, डोनेशन मागितलं, तर ते बेकायदा आहे. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. जेवढे पैसे द्याल तेवढ्याची पक्की पावती घ्या. पावती नाही तर पैसे नाहीत.

६. सवलती : हक्काच्या आहेत, मागून घ्या

- मुलींना फी माफी : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणून मुलीचं शिक्षण "जवळ आहे, स्वस्त आहे" एवढ्यावर ठरवू नका. पोराला शहरात आणि पोरीला गावात, हा हिशोब आता पैशाच्या नावाखाली चालणार नाही.
- राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : उत्पन्न ८ लाखांपर्यंत, खुल्या प्रवर्गातल्या मुलांना व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत.
- टीएफडब्ल्यूएस जागा : इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाला काही जागा पूर्ण शिक्षण शुल्क माफीच्या असतात. उत्पन्न मर्यादा ८ लाख. मेरिटवर मिळतात, पण कमी मागणीच्या शाखेत मध्यम पोराचाही नंबर लागू शकतो. पसंतीक्रमात भरायला विसरू नका.
- डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता : अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. तलाठी-तहसीलमधून अल्पभूधारक दाखला काढून ठेवा.
- अनुसूचित जाती : पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, समाजकल्याणची वसतिगृहं आणि जागा नाही मिळाली तर स्वाधार योजना.
- अनुसूचित जमाती : आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आणि स्वयम् योजना.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

एक मोठी अट लक्षात ठेवा. व्यावसायिक कोर्सच्या या सवलती सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून (कॅप) प्रवेश घेतला तरच मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की फी माफी गेली. एजंट "फेरीची वाट कशाला बघता, डायरेक्ट घेऊन टाका" म्हणतो, तेव्हा तो तुमची सवलत घालवत असतो.

७. कागदपत्रं पेरणीआधी गोळा करा

दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, आधार, रहिवासी (डोमिसाइल) दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस. यातले बरेच सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून निघतात. जात वैधतेला मात्र वेळ लागतो, ते जिल्हा पडताळणी समितीकडून येतं. पोरगं अकरावी-बारावीला असतानाच कॉलेजमार्फत तो अर्ज टाका. निकालानंतर टाकला तर राखीव जागा डोळ्यादेखत जाते.

प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन ठेवा.

८. इथं सावध राहा

- लॉगिन दुसऱ्याला देऊ नका. फॉर्म भरताना स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. पासवर्ड आपल्या वहीत. काही एजंट फुकट फॉर्म भरून देतो म्हणतात आणि पसंतीक्रमात त्यांना कमिशन देणारं कॉलेज पहिलं टाकतात. ओटीपी तर कोणालाच सांगू नका.
- पसंतीक्रम आवडीच्या क्रमानं भरा. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या वेबसाइटवर असतात. दोन-चार वरचे, पाच-सहा आपल्या मार्कांच्या आसपासचे आणि दोन-तीन नक्की मिळणारे टाका. जिथं जायचंच नाही ते कॉलेज यादीत टाकू नका, नंबर तिथंच लागतो.
- नियम दरवर्षी बदलतात. मिळालेली जागा कधी घ्यावीच लागते, किती फेऱ्या आहेत, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. मागच्या वर्षीच्या माणसाचं ऐकून चालत नाही.
- ओरिजिनल अडकवू नका. पडताळणी झाली की मूळ मार्कशीट परत द्यायच्या, कॉलेजला त्या ठेवून घेता येत नाहीत, असा यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. प्रवेश रद्द केला तर किती दिवसांत किती फी परत, हेही त्यात ठरलेलं आहे. टीसी द्यावी लागते, पण पोच घ्या.
- "आजच शेवटची जागा" म्हणणाऱ्याकडून उठून घरी या. रात्रभर झोपून सकाळी ठरवा.
- व्याजानं पैसे काढू नका. बँकेचं शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत साधारणपणे तारणाशिवाय मिळतं. मान्यता नसलेल्या कॉलेजला बँक कर्ज देत नाही. म्हणजे बँकेनं नकार दिला तर तीही एक तपासणीच झाली.

९. नापास झालाय किंवा पुन्हा नीट द्यायची म्हणतोय

एक-दोन विषय गेले असतील तर बोर्डाची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. फॉर्मची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, रडण्यात ती घालवू नका. आयटीआयला दहावी पुरते, तो रस्ता उघडाच आहे.

नीट पुन्हा द्यायची असेल तर पोराशी खरं बोला. पहिल्या वेळी किती मार्क आले, आणखी किती लागतात? अंतर थोडं असेल तर एक वर्ष द्या. अंतर खूप असेल तर लातूरच्या क्लासची फी भरून ते भरून निघत नाही. पोरगंही ते जाणतं, पण बापाला सांगायला घाबरतं. त्याला सांगायची संधी द्या.

शेवटी

माझा पुतण्या नर्सिंगच्या त्या भानगडीनंतर दोन महिने घराबाहेर पडत नव्हता. "काका, मार्क कमी पडले म्हणून असं झालं," असं तो म्हणायचा. मार्क कमी पडले म्हणून तसं झालं नाही. आम्ही मोठ्यांनी बघितलं नाही म्हणून झालं. आता रविवारी गावात आला की कोणाचा ना कोणाचा स्टार्टर त्याच्यासमोर उघडून ठेवलेला असतो.

मोसंबीचं झाड लावलं की चार-पाच वर्षं थांबावं लागतं, म्हणून आपण कलम बघून घेतो. पोराचंही तसंच समजा. दोन दिवस पेरणी थांबली तरी चालेल, पण कॉलेज बघून या.

ही माहिती आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. ज्याच्या घरी बारावीचं लेकरू आहे, पण मोबाइल वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा.